शाळेसमोरचे तीनशे मीटर

ठाण्यात किंवा डोंबिवलीत रस्त्यांचा विषय निघाला की बोलणं हमखास कोंडीवर जातं. तीन हात नाका, घोडबंदर रोड, पत्री पूल, घरडा सर्कल, कोपर पूल ही नावं कोंडीमुळेच तोंडपाठ झाली आहेत. गाडीत अडकून बसलेल्या माणसाला कोंडी डोळ्यांसमोर दिसते, ती त्याचा वेळ खाते, म्हणून तो तिच्याबद्दल बोलतो. वर्तमानपत्रंही तिच्याबद्दलच लिहितात. या सगळ्यात एक गोष्ट मागे पडते. कोंडीत माणूस सहसा मरत नाही. तो मरतो कोंडी सुटल्यावर, पुढचा रस्ता मोकळा मिळाल्यावर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत कारण म्हणून अतिवेग लिहिला आहे. गेलेल्यांपैकी ९ हजार ५२८ जण अठरा वर्षांखालचे होते. एकट्या महाराष्ट्रातला एकूण आकडा १५ हजार २२४.

अतिवेग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समृद्धी महामार्ग किंवा पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग येतो. सोसायटीच्या गल्लीत, बालवाडीच्या फाटकासमोर ताशी ५० किलोमीटरनं जाणारी मोटार आपल्याला वेगात आहे असं वाटतच नाही. ते का वाटत नाही आणि का वाटायला हवं, हे समजून घ्यायला भौतिकशास्त्राचा नववीत शिकवला जाणारा भाग पुरेसा आहे. त्याआधी शाळेच्या दारात नेमकं काय चालतं ते पाहू.

आपल्याकडच्या बऱ्याच मराठी शाळा जागेअभावी दोन पाळ्यांत भरतात. सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते, ती साडेबाराच्या आसपास. नौपाड्यात किंवा डोंबिवलीच्या टिळकनगरात त्या अर्ध्या तासात उभं राहून पाहावं. आतली मुलं बाहेर येत असतात आणि बाहेरची आत जात असतात. व्हॅनवाले काका आपापल्या मुलांची नावं पुकारत असतात. आजोबा नातवाचं दप्तर खांद्याला लावून फाटकाच्या अगदी तोंडाशी उभे, कारण नातवानं इकडेतिकडे न जाता आपल्यालाच शोधावं. स्कूटरवर पुढे एक मूल उभं, मागे एक बसलेलं, मधे आई. पदपथ असलाच तर त्यावर दुचाक्या लावलेल्या, त्यामुळे चालणारे सगळे डांबरावर. रस्त्याची एक बाजू उभ्या गाड्यांनी भरलेली आणि त्या गाड्यांच्या फटींतून मुलं बाहेर पडतात.

ही गर्दी ऐन भरात असते तेव्हा तिथे वेग नसतो, आणि म्हणूनच सगळ्यांना ती जागा सुरक्षित वाटते. धोका असतो तो गर्दीच्या दोन्ही टोकांना. लवकर सुटलेला वर्ग, उशिरा धावत येणारा मुलगा, रिक्षा चुकलेली मुलगी, शाळा सुटल्यावर वही राहिली म्हणून परत वळलेली दोघं. तेव्हा रस्ता मोकळा असतो आणि गाड्या मोकळ्या रस्त्याच्या वेगात असतात.

ठाण्याची आणखी एक गोष्ट या वेळेशी जोडलेली आहे. न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर ठाण्यातून आणि घोडबंदर रोडवरून जातात. त्यांना शहरात दुपारी १२ ते ४ आणि रात्री १० ते पहाटे ५ एवढाच प्रवेश, असा नियम अनेक वर्षं चालत आला. वेळोवेळी त्यात फेरफारही झाले. १२ ते ४ ही वेळ ठरवताना डोळ्यांसमोर होता तो कचेरीला जाणारा माणूस: सकाळी तो गेलेला असतो, संध्याकाळी परतायचा असतो, मधली दुपार मोकळी. शाळेचं घड्याळ कुणी पाहिलंच नाही. दोन पाळ्यांच्या शाळेत मुलं सर्वाधिक संख्येनं रस्त्यावर असतात ती नेमकी याच चार तासांत. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानं पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. मुलांच्या झोपेसाठी तो निर्णय योग्यच होता, पण त्यामुळे लहान मुलांची शाळेत जायची वेळ कचेरीच्या गर्दीत आली आणि सुटायची वेळ आणखी दुपारकडे सरकली.

आता नववीचं भौतिकशास्त्र. चालकाला समोर मूल दिसलं की ते डोळ्यांनी टिपून, मेंदूनं ठरवून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडीचा वेग तसूभरही कमी झालेला नसतो. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात सव्वाआठ मीटर जाते. मग ब्रेक लागतात आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ती आणखी पाच मीटरांत थांबते. एकूण अंतर साडेतेरा मीटरांच्या आत. ताशी ५० च्या वेगात विचार करायच्या त्या एका सेकंदातच गाडी जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते, आणि थांबायला आणखी तेवढेच मीटर लागतात. म्हणजे मूल १४ मीटरांवर आडवं आलं, तर तीसच्या वेगातली मोटार त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबते. पन्नासच्या वेगातली मोटार त्याच जागी पोहोचते तेव्हा चालकाचा पाय नुकता ब्रेकला टेकलेला असतो. टक्कर पूर्ण पन्नासच्या वेगात होते. चाळीसच्या वेगात गाडी तिथे साधारण ३३ च्या वेगानं धडकते. हिशेब कोरड्या रस्त्याचा आहे. जून ते सप्टेंबर, ओल्या रस्त्यावर, ब्रेक लागल्यानंतरचं अंतर सहज दीडपट-पावणेदोनपट होतं.

टकरीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ३० आणि ५० यांतला फरक दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. ताशी ३० च्या वेगातली ऊर्जा म्हणजे साडेतीन मीटरांवरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडण्याइतकी. ताशी ५० ची म्हणजे जवळपास दहा मीटरांवरून, तिसऱ्या मजल्यावरून. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेनं, जिथे पायी चालणारी माणसं आणि वाहनं एकाच रस्त्यावर असतात तिथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा ठेवावी असं म्हटलं, ते या हिशेबामुळेच. तीस हा आकडा कुणाच्या मर्जीचा नाही. माणसाच्या हाडामांसाला सोसेल त्याची ती हद्द आहे.

यानं किती वेळ जातो? शाळेच्या दोन्ही बाजूंना मिळून ३०० मीटर रस्ता धरू. ५० च्या वेगानं तो साडेएकवीस सेकंदांत संपतो, ३० च्या वेगानं ३६ सेकंदांत. फरक साडेचौदा सेकंदांचा. तीन हात नाक्याच्या एका सिग्नलला याहून जास्त वेळ जातो.

मुलांना नीट रस्ता ओलांडायला शिकवा, हा आपला पहिला आणि बहुतेकदा शेवटचा उपाय असतो. शिकवायला हवंच. पण लहान मुलाला ते जमण्याला निसर्गानंच मर्यादा घातली आहे. पहिलीतल्या मुलाची उंची साधारण ११० ते ११५ सेंटिमीटर. उभ्या मोटारींच्या मधे असताना त्याला रस्ता दिसत नाही आणि रस्त्यावरच्या चालकाला ते दिसत नाही. गाडी किती दूर आहे हे मुलाला कळतं. ती किती वेगानं जवळ येते आहे हे मात्र नीट कळत नाही. लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ताशी ३२ किलोमीटरहून जास्त वेगानं येणारी गाडी जवळ येते आहे हे खात्रीनं ओळखता येत नाही. याच्याही चाळीसहून अधिक वर्षं आधी, १९६८ साली, स्टीना सांडेल्स या स्वीडिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी रहदारीतल्या लहान मुलांवर पुस्तक लिहिलं. मुलं रहदारीत वागतात कशी याची शेकडो निरीक्षणं करून त्या या निष्कर्षाला आल्या होत्या की लहान मुलाला कितीही शिकवलं तरी ते मोठ्यांच्या रहदारीला जुळवून घेऊ शकत नाही. जुळवून घ्यायचं असेल तर ते रहदारीनं.

हे एकदा मान्य केलं की प्रश्न चालकाकडे वळतो आणि आपण म्हणतो, शिस्त नाही. मला वाटतं इथेच आपण चुकीच्या दारावर थाप मारतो. बेशिस्त चालक आहेत आणि त्यांना दंड व्हायलाच हवा. पण नेमस्त, घरात मुलंबाळं असलेला, स्वतःच्या सोसायटीत दहाच्या वेगानं गाडी आणणारा माणूससुद्धा रुंद, गुळगुळीत, सरळ रस्त्यावर नकळत पन्नासला जातो. काट्याकडे बघत कुणी गाडी चालवत नाही. माणूस रस्त्याची रुंदी, वळण, कडेची झाडं, समोर किती लांबचं दिसतं यांवरून वेग ठरवतो. राम मारुती रस्त्यावर किंवा फडके रोडवर फलक नसूनही कुणी साठनं जाऊ शकत नाही. हिरानंदानी इस्टेटच्या, पोखरण रस्त्याच्या, कल्याणच्या गांधारी-खडकपाडा भागातल्या रुंद रस्त्यांवर मोकळ्या वेळी पन्नास हाच सहज वेग होतो. माणसं तीच असतात, बदलतो तो रस्ता.

गेल्या काही वर्षांत आपण निवासी भागांतले रस्ते झपाट्यानं काँक्रीटचे केले. डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी विभागात झाले, ठाण्यातल्या कितीतरी प्रभागांत झाले. ते व्हायलाच हवे होते. २०१८ च्या जुलैत कल्याणच्या शिवाजी चौकात उखडलेल्या रस्त्यामुळे दुचाकीवर मागे बसलेली एक बाई खाली पडून बसच्या चाकाखाली गेली. खड्ड्याचा बचाव कुणी करू नये. पण खड्डे गेले की वेग वाढणार, हे रस्ता करतानाच ठाऊक असतं. मग काँक्रीट ओतायच्या आराखड्यातच शाळेसमोर उंच ओलांडणी, रुंद पदपथ आणि अरुंद केलेला गाडीमार्ग का नसावा? निविदेत लांबी, रुंदी आणि जाडी असते. त्या रस्त्यावर शाळा आहे ही नोंद तिथे यायला हवी.

घोडबंदर रोडवर हाच वाद मोठ्या प्रमाणात उभा राहिला. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली अशी वस्ती आणि तिच्यातल्या शाळा. मुख्य रस्ता महामार्गाच्या स्वरूपाचा, आणि स्थानिकांच्या ये-जेला कडेचे सेवा रस्ते. ते सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळून तो रुंद करायचं काम हाती घेतलं गेलं तेव्हा रहिवाशांनी कडाडून विरोध केला. कोंडी फोडण्यासाठी मार्गिका वाढवायच्या, हे सरकारी बाजूचं म्हणणं. शाळेची बस मग उभी राहणार कुठे, कंटेनरच्या शेजारी? हा रहिवाशांचा प्रश्न. मला रहिवाशांची बाजू पटते. सेवा रस्ता म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. वेगवान रस्ता आणि घराचं फाटक यांच्यामधला तो एकमेव संथ पट्टा असतो.

वेग कमी करायचा म्हटलं की आपल्याला एकच साधन आठवतं, गतिरोधक. तेच आपण सर्वांत वाईट बनवतो. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवते. तिच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि वाहनाच्या दिशेनं रुंदी ३.७ मीटर असायला हवी. म्हणजे जवळजवळ एका मोटारीच्या लांबीचा उंचवटा. मोटार ताशी २५ च्या वेगानं आली तर तो हळुवार वर घेतो आणि हळुवार खाली सोडतो. त्याहून जोरात आली तरच हादरा देतो. आपल्याकडे रातोरात पडतो तो हातभर रुंदीचा डांबराचा कणा. त्यावर पाचच्या वेगातही कंबर हलते. त्यामुळे चालक आधी कच्चकन थांबतो आणि ओलांडल्यावर चिडून वेग घेतो. स्कूटरवर मागे एका बाजूला बसलेल्या बाईला, रुग्णवाहिकेतल्या पेशंटला, मणक्याचं दुखणं असलेल्याला तो शिक्षा करतो. रात्री तो दिसत नाही, कारण त्यावर पट्टे नसतात आणि त्याच्या आधी फलक नसतो. रबरी पट्ट्या बोल्टनं ठोकलेल्या असतात, पहिल्या पावसाळ्यात त्यातले दोन तुकडे निघतात आणि दुचाक्या नेमक्या त्या फटीतून पळतात. लोक वैतागतात, मग महापालिका सगळेच गतिरोधक काढायला निघते, आणि शाळा जिथे होती तिथेच राहते.

शाळेसमोर खरं उपयोगी पडतं ते उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग. पदपथाच्या उंचीला आणलेला सपाट चौथरा, दोन्ही बाजूंना उतार, माथ्यावर पट्टे. मुलाला खाली उतरावं लागत नाही, ते उंचावर असल्यानं चालकाला आधी दिसतं, आणि गाडीला चढावंच लागत असल्यानं तिचा वेग आपोआप पडतो. त्याच्या जोडीला क्रॉसिंगपाशी पदपथ दोन्ही बाजूंनी पुढे आणायचा. १२ मीटर रुंद रस्ता तिथे सात मीटर होतो. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या मुलाचे पाच सेकंद रस्त्यावरचे वाचतात, आणि पुढे आलेल्या पदपथापाशी गाडी लावायला जागाच राहत नसल्यानं उभ्या गाड्यांची आडही जाते. शाळेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कोपऱ्यांवर काही मीटर काहीही उभं राहू न देणं, दुचाकीसुद्धा नाही, वडापावची गाडीसुद्धा नाही, याला तर सिमेंटही लागत नाही.

ही साधनं श्रीमंत देशांचीच, असं मानायचं कारण नाही. टांझानियातल्या दार-एस-सलाम शहरात अमेंड या संस्थेनं अशाच साध्या गोष्टी केल्या: शाळेजवळ नीट आकाराचे उंचवटे, पायवाट, गाड्या चढू नयेत म्हणून खांब, आणि काही ठिकाणी शाळेचं फाटकच मोठ्या रस्त्यावरून हलवून बाजूच्या गल्लीत नेलं. त्या शाळांमधल्या मुलांना रस्त्यावर होणाऱ्या दुखापती सुमारे चौथाईनं कमी झाल्या. फाटक हलवण्याची कल्पना ठाण्या-डोंबिवलीत सहज वापरता येईल. कितीतरी शाळांना मागच्या गल्लीत एक फाटक असतं आणि ते कायम कुलूपबंद असतं. मुंबईत भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर काही वर्षांपूर्वी महापालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया ही संस्था यांनी मिळून शाळांसमोरच्या रस्त्यावर शंकू, अडथळे आणि रंग वापरून चालायची आणि थांबायची जागा आखून पाहिली. आधी रंगानं करून बघायचं, जमलं तर सिमेंटनं पक्कं करायचं, ही पद्धत आपल्या पालिकांच्या खिशाला परवडणारी आहे.

आज ज्यांच्या रस्त्यांचं कौतुक होतं त्या नेदरलँड्सचा इतिहासही सांगायला हवा. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३ हजार ३०० माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं. विक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी शाळेच्या वाटेवर गेली आणि त्यानं १९७२ मध्ये ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा मथळ्याचा लेख लिहिला. त्या मथळ्यावरून आईबापांची चळवळ उभी राहिली, त्यांनी रस्ते अडवले, संसदेत धडक दिली. डेल्फ्ट शहरात आधी काही गल्ल्या चालणाऱ्यांच्या आणि खेळणाऱ्यांच्या मानून बांधल्या गेल्या, आणि १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्यात स्थान मिळालं. लंडनमध्ये ताशी ३२ किलोमीटरच्या विभागांचा वीस वर्षांचा अभ्यास २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्या विभागांत अपघातांत सापडणाऱ्यांची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी घटली होती, आणि सर्वाधिक फायदा लहान मुलांना झाला होता. त्या विभागांत फलकांबरोबर उंचवटे आणि अरुंद मार्गही होते, हे विसरता कामा नये.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनं पालिका हद्दीत मोटारींची कमाल मर्यादा ताशी ७० ठेवली. ती वरची हद्द आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या रस्त्यापुरती ती खाली आणू शकतो, आणि कलम ११६ नुसार तसे फलक लावू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिवेगाचा दंड हलक्या वाहनांना एक ते दोन हजार आणि जड वाहनांना दोन ते चार हजार रुपये झाला. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलानं चालवलेल्या मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेल्यावर या कलमाची चर्चा राज्यभर झाली. क्लासला उशीर होतो म्हणून दहावीतल्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणाऱ्या घरात ती चर्चा पोहोचली का, याची मला काळजी वाटते. ती स्कूटर त्याच शाळेसमोरून जाते.

ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाणे, भिवंडी, उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवली येतात. एकेरी वाहतूक, वाहनबंदी, पार्किंगबंदी यांच्या अधिसूचना वाहतूक शाखेचे उपायुक्त कलम ११५, ११६ आणि ११७ खाली काढतात, पुष्कळदा प्रायोगिक तत्त्वावर, आणि नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात. एखादी गल्ली शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास गाड्यांना बंद ठेवायची असेल तर मार्ग हाच आहे. गतिरोधक, पदपथ, उंच क्रॉसिंग हे रस्त्याच्या मालकाचं काम. तो मालक आधी शोधावा लागतो: बहुतेक ठिकाणी महापालिका, काही ठिकाणी एमआयडीसी, कल्याण-शिळ मार्गावर रस्ते विकास महामंडळ. चुकीच्या दारात दिलेला अर्ज वर्षभर फिरत राहतो.

मराठी शाळांच्या हातात एक हत्यार आधीपासून आहे आणि त्याला बऱ्याच ठिकाणी गंज चढला आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे प्रमुख. पालक प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक, शिक्षण खात्याचा आणि स्थानिक संस्थेचा प्रतिनिधी, बस कंत्राटदारांचा प्रतिनिधी हे सगळे तिचे सदस्य. एरवी ज्या पाच कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात त्या सगळ्यांची माणसं कायद्यानंच एका टेबलाशी बसवली आहेत. आपल्या शाळेची ही समिती शेवटची कधी बसली, हे पालकसभेत विचारावं.

समितीपुढे जाताना तक्रार घेऊन जाऊ नये, मोजमाप घेऊन जावं. फाटकाजवळच्या रस्त्यावर टेपनं ५० मीटर मोजून दोन खुणा करायच्या. मोबाईलमधलं घड्याळ लावून एकेक गाडी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत जाते ते लिहायचं. सहा सेकंद लागले तर वेग ३०, साडेचार लागले तर ४०, तीन पूर्णांक सहा दशांश लागले तर ५०. शंभर गाड्या मोजून वेगाच्या चढत्या क्रमानं लावल्या की पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग पाहायचा. रस्ते अभियंते जगभर हाच आकडा वापरतात, कारण त्यावरून रस्ता बहुसंख्य चालकांना काय करू देतो ते कळतं. मोजणी गर्दीच्या ऐन वेळी न करता तिच्या आधी आणि नंतर, मोकळ्या रस्त्यावर करायची. आठवी-नववीची मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली पदपथावरून हे नीट करू शकतात. कितीतरी शाळांत आरएसपीचे, म्हणजे रस्ता सुरक्षा दलाचे विद्यार्थी आहेत, त्यांना कवायतीपलीकडचं हे खरं काम मिळेल. फलक लावल्यावर पुन्हा मोजायचं, उंच क्रॉसिंग झाल्यावर पुन्हा. पहिल्यानं आकडा जेमतेम हलतो आणि दुसऱ्यानं तो पडतो, हे मुलांनी स्वतःच्या वहीत पाहिलेलं असेल.

पालकांना एक गोष्ट सांगायलाच हवी. शाळेच्या दारातल्या गाड्यांपैकी बऱ्याच आपल्याच असतात. आपलं मूल अगदी फाटकाशी उतरावं म्हणून थांबवलेली मोटार दुसऱ्याच्या मुलाला आड करते. दोनशे मीटर अलीकडे उतरवून चालत नेणं, हे एका वर्गातल्या वीस घरांनी ठरवलं तरी फाटकासमोर मोकळी जागा तयार होते. व्हॅन आणि रिक्षांना एकच थांबा ठरवून तो फाटकापासून दूर ठेवण्याचा अधिकार परिवहन समितीलाच आहे. दोन पाळ्यांमधे पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवलं तर आत जाणारी आणि बाहेर येणारी गर्दी एकमेकींना भिडत नाही.

या कामांना पंचांग आहे, ते मात्र पाळावं लागतं. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि तोवर पाऊस आलेला असतो. पावसात डांबराची कामं बंद असतात, ओल्या रस्त्यावर पट्ट्यांचा रंग धरत नाही. म्हणून मोजणी जानेवारीत, समितीची बैठक आणि अर्ज फेब्रुवारीत, म्हणजे नव्या आर्थिक वर्षात एप्रिल-मेच्या कामांत ते घुसवता येतं. ती वेळ हुकली तर पावसाळ्यात कोपरे मोकळे करणं, मागचं फाटक उघडणं, वेळा फोडणं, वाहतूक वॉर्डन मागणं एवढं बिनडांबराचं काम करून घ्यावं, आणि उंच क्रॉसिंगची निविदा ऑक्टोबरात निघेल असं पाहावं. दिवाळीच्या सुट्टीत रस्ता कोरडा असतो, शाळा बंद असते, आणि सिमेंट धरायला पुरेसे दिवस हातात असतात.